कोळी नाइकांच्या बंडाचीं छापील साधनें : एक परीक्षण

अंबरनाथच्या शिवालयांतील लेखाचा शक प्रथम ७८२ असा वाचला गेला, व पुढें तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा ठरला. एका अंकासाठीं विद्वानांनीं केलेला तो खल योग्यच होता. त्याच अंबरनाथ-बदलापुराहून मुरबाडच्या अंगास पाहतां सह्याद्रीची जी भिंत आडवी दिसते, तिच्या आश्रयानें राहणाऱ्या महादेव कोळ्यांनीं १८२९ पासून १८४८ पर्यंत इंग्रजी अंमलाशीं झगडा केला. त्याच्या साधनांस मात्र आपण ती कसोटी लावीत नाहीं. छापील इंग्रजींत 'दरोडेखोर' असें आढळलें कीं आपण मराठींत तसेंच उतरून घेतों.

पहिलें साधन कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याचें. रामोशांवरील त्याचा ग्रंथ, उमाजी नाइकाच्या चरित्रासह, १८३३ सालीं मुंबईस छापला गेला; त्यामागून त्यानें महादेव कोळ्यांवर दीर्घ निबंध लिहिला. लेखक परिश्रमी व चौकस आहे. परंतु उमाजीस धरण्याच्या कामगिरीवर हाच अधिकारी होता, हें ध्यानांत ठेवून त्याचीं पानें उलगडावीं. सावजाच्या वाटा शिकाऱ्याइतक्या कोणासच ठाऊक नसतात. पण त्यानें त्या कशासाठीं टिपल्या, हें वाचकानें विसरतां कामा नये.

दुसरें साधन कॅम्पबेलच्या देखरेखीखालीं निघालेलीं गॅझेटियरें : ठाणें १८८२, नाशिक १८८३, अहमदनगर १८८४, पुणें १८८५. एकाच बंडाचे तुकडे चार खंडांत विखुरले आहेत, आणि चारी एकत्र मांडून वाचल्यावांचून अर्थ लागत नाहीं. पेशवाई बुडाल्यावर गडांवरील शिबंदी मोडली व पिढीजात चाकरी गेलेले नाईक डोंगरांत शिरले. रामजी भांगरे व रामा किरवा यांचा उठाव त्यांतला. रामा किरव्यास १८३० सालीं अहमदनगरास फाशी झाली. रामजीचा पुत्र राघोजी, अकोले तालुक्यांतील देवगांवचा, यानें पुढें तेंच निशाण उचललें.

राघोजीविषयीं नाशिकच्या खंडांतील मजकूर सर्वांत मोलाचा. मारवाडी सावकारांच्या फिर्यादीवरून पोलीस त्याच्या शोधार्थ गेले. तो न सांपडल्यामुळें त्यांनीं त्याच्या आईचा छळ केला. तेव्हां त्यानें टोळी जमवून हातीं लागेल त्या सावकाराचें नाक कापलें. आणि भयानें गांवोगांवचे सावकार पळून गेले, असें तेथें लिहिलें आहे. आईच्या छळाची गोष्ट सरकारी ग्रंथकारानें लिहावी, ही प्रतिपक्षाची कबुली होय; साक्षीपुराव्यांत हिच्याहून बलवत्तर दुसरें कांहीं नसतें. नाकें कापण्याचें कृत्य क्रूर आहे व त्यावर पांघरूण घालण्याचें कारण नाहीं. तथापि निव्वळ लूट करणाऱ्यास धनको गांवांतच हवा असतो. त्यास हुसकून लावून लुटारूचें काय साधणार? गांवांतून ऋणको-धनकोचें नातेंच उपटून काढण्याचा हा उद्योग दिसतो. ग्रंथकारानें घटना नोंदली, तिचा अर्थ मात्र तिच्या शेजारींच पडून राहूं दिला.

आमच्या जुन्या शास्त्रकारांस हा भेद कळत होता. कौटिल्य व्यसनाधिकारांत चोर आणि आटविक यांची तुलना करतो. आटविक स्वतःच्या प्रदेशांत राहणारे, संख्येनें पुष्कळ, पराक्रमी व उघड लढणारे असतात, आणि त्यांचें वागणें राजांसारखें असतें, म्हणून ते राज्यास चोरांहून अधिक घातक, असा त्याचा निर्णय आहे. कौटिल्य आटविकांचा मित्र नव्हे. तरी समोर चोर उभा नसून दुसरी सत्ता उभी आहे, हें त्यानें ओळखलें. इंग्रज लेखकांस तें कळलें नाहीं असेंही म्हणवत नाहीं. कारण राघोजीस ठाण्याच्या तुरुंगांत २ मे १८४८ रोजीं फाशी दिल्यावर दहा वर्षें लोटण्याआधींच, सत्तावनच्या धामधुमींत, त्याच सरकारनें नटाल नांवाच्या अधिकाऱ्याच्या हाताखालीं कोळ्यांची पलटण उभारली! दरोडेखोरांच्या जातीचे शूर शिपाई व्हावयास फारसा अवधि लागला नाहीं.

हा प्रकार आपल्याकडचाच नव्हे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येस डोंगर-वाळवंटांतून संयुक्त संस्थानांच्या फौजेशीं लढलेल्या लोकांस जग 'अपाची' म्हणतें. तें नांव शेजारच्या झुनी लोकांच्या भाषेंतील 'शत्रु' या अर्थाच्या शब्दावरून आलें, असें बहुतेक मानतात; ते स्वतःस निराळ्या शब्दानें, 'माणसें' या अर्थानें, ओळखतात. तेथेंही अपाचींस हुडकण्यास अपाचीच वाटाडे नेमले गेले. त्यांचा पुढारी जेरोनिमो १८८६ च्या सप्टेंबरांत शरण आला व १९०९ सालीं मरेपर्यंत कैदीच राहिला. पण त्या कैदेंत त्यानें आपली हकीकत आपल्या भाषेंत सांगितली, आप्तानें तिचा इंग्रजी अर्थ केला, व बॅरेट नांवाच्या शिक्षणाधिकाऱ्यानें ती १९०६ सालीं छापली. लष्करी खात्यानें कांहीं विधानांस हरकत घेतली, तेव्हां बॅरेटनें तीं न गाळतां जबाबदारी जेरोनिमोची अशा टीपा जोडल्या. असा ग्रंथ सर्वथा निर्दोष नसतो. तरी त्यांत पराभूताचा आवाज आहे. २ जानेवारी १८४८ रोजीं पंढरपुरास धरलेल्या राघोजीस चारच महिने मिळाले, व आत्मवृत्त उतरून घेणारा कोणी बॅरेट त्यास भेटला नाहीं.

त्याच तारखेस, १९४३ सालीं, मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या रानांत भाई कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. हा योगायोग आहे, अधिक कांहीं नाहीं. पण त्या दोघांस हुतात्मे म्हणतांना आपली लेखणी अडखळत नाहीं. शंभर वर्षांमागच्या नाइकापाशीं मात्र ती अजून कॅम्पबेलचा शब्द शोधते.

राघोजीचा शब्द नसला तरी त्याच्या शत्रूचा कागद असूं शकतो. सनदा व वंशावळी जपणारे आमचे संग्राहक सावकारी मोडी खतें क्षुल्लक म्हणून बाजूस टाकतात. कल्याण, मुरबाड, अकोले, जुन्नर या भागांतील १८२५ ते १८५० पर्यंतचीं खतें वा खातेवह्या ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं ऋणकोचें नांव व गांव, मुद्दल, व्याजाचा दर आणि साक्षीदार एवढें तरी उतरून ठेवावें. आणि एखादी वही १८४४-४५ च्या सुमारास मध्येंच थांबलेली आढळल्यास तिचीं कोरीं पानें फाडून घेऊं नयेत.