'हरित पाडकामा'चा हिशेब

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा झाली. इमारत १९८३ सालची, तीन मजली, चोवीस घरांची. विकसकाच्या प्रतिनिधीने सर्वांना एक गुळगुळीत पुस्तिका वाटली. वाढीव चटईक्षेत्र, वाहनतळ वगैरे नेहमीचे सारे तीत होतेच. पण एका पानावर हिरव्या अक्षरांत 'हरित पाडकाम' असा मथळा होता. राडारोड्याचे जवळजवळ संपूर्ण पुनर्चक्रण केले जाईल, त्यामुळे इमारत पाडण्याचा कार्बन-ठसा नगण्य राहील, असा त्या पानाचा मथितार्थ. तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी ते पान माझ्यापुढे धरले आणि विचारले, "तुम्ही सिमेंटवर संशोधन करता ना? मग सांगा, हे खरं आहे का?"

मला तेथल्या तेथे नीट उत्तर देता आले नाही. कारण विधान तसे खोटे नाही. पाडकामाचा कार्बन-ठसा खरोखरच लहान असतो. मात्र तो पुनर्चक्रण केल्यामुळे लहान होत नाही, मुळातच लहान असतो. हा फरक शिक्षकांनी समजून घ्यावा असा आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

सर्वांनी दूरदर्शन संचावर पाहिलेले उदाहरण घेऊ. २८ ऑगस्ट २०२२ रोजी नोएडातील जुळे मनोरे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून पाडण्यात आले. उंची सुमारे १०० मीटर, स्फोटके सुमारे ३,७०० किलो, राडारोडा अंदाजे ८०,००० टन, वेळ नऊ सेकंद. स्फोटकांनी मनोरे पाडले असे आपण म्हणतो. पण विद्यार्थ्यांकडून हा हिशेब अवश्य करून घ्या. एक किलो स्फोटकातून साधारण ४० लाख ज्यूल ऊर्जा मिळते असे धरले, तर एकूण ऊर्जा सुमारे १५ अब्ज ज्यूल होते. उलट ८ कोटी किलो वस्तुमान सरासरी ४५ मीटर खाली आले, म्हणजे त्याची स्थितिज ऊर्जा सुमारे ३६ अब्ज ज्यूल. स्फोटकांनी खांब तोडले; बाकीचे काम गुरुत्वाकर्षणाने केले. आणि हे ३६ अब्ज ज्यूल म्हणजे किती? सुमारे एक हजार लिटर डिझेलमधील ऊर्जा!

पुढे राडारोडा वाहून नेणे आले. एक टन माल एक किलोमीटर नेताना सुमारे १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो असे मानू. ८०,००० टन ३० किलोमीटर नेले, तर २४० टन होतात. डंपरच्या रिकाम्या परतीच्या फेऱ्या, पोकलेन, ब्रेकर, क्रशर हे सारे सढळ हाताने मिळवून ५०० टन म्हणू.

आता बांधतानाचा हिशेब. त्या ढिगाऱ्यात ६०,००० टन काँक्रीट होते असे समजू, म्हणजे २५,००० घनमीटर. घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि १०० किलो सळई धरली, तर सिमेंट ८,७५० टन आणि पोलाद २,५०० टन. सिमेंटच्या टनामागे सुमारे ०.६५ टन आणि पोलादाच्या टनामागे निदान २ टन कार्बन डायऑक्साइड. बेरीज दहा हजार टनांच्या वर जाते. आकडे ढोबळ आहेत. कोणी ते वीस-पंचवीस टक्क्यांनी इकडेतिकडे केले तरी चित्र बदलत नाही. पाडण्याचा वाटा बांधण्याच्या वाट्याच्या विसाव्या भागाइतका, किंवा त्याहूनही कमी.

सिमेंटचा आकडा एवढा मोठा का, हे नववी-दहावीच्या रसायनशास्त्रात आहेच. १०० ग्रॅम चुनखडी भाजली की ५६ ग्रॅम चुना उरतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टी उद्या सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हे ४४ ग्रॅम सुटायचे ते सुटणारच.

आता पुनर्चक्रणाकडे वळू. जुने काँक्रीट भरडून काय मिळते? खडी आणि वाळू. सिमेंट मिळत नाही. एक घनमीटर नव्या काँक्रीटमध्ये खडी-वाळूचा कार्बन-वाटा दहा-वीस किलो असतो, तर सिमेंटचा सव्वादोनशे किलो. म्हणजे सगळी खडी जुन्या इमारतीतून आणली तरी मोठा आकडा जागचा हलत नाही. शिवाय भरडलेल्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, ती पाणी पिते, आणि मग ताकद राखण्यासाठी कधीकधी सिमेंट थोडे वाढवावेच लागते. म्हणूनच २०१६ साली सुधारलेल्या भारतीय मानकाने (आयएस ३८३) सळईच्या काँक्रीटमध्ये, तेही एम-२५ प्रतीपर्यंतच, अशी खडी २० टक्क्यांपर्यंत वापरण्यास मुभा दिली.

याचा अर्थ पुनर्चक्रण निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. डोंगर फोडणे कमी होते, नदीपात्रात रात्री गुपचूप ओतले जाणारे डंपर कमी होतात (ते कोणी पाहिले नाहीत?). २०१६ साली केंद्र सरकारने बांधकाम व पाडकाम कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम केले, ते याच कारणाने. पण त्या नियमांचे मोजमाप कचऱ्याच्या टनांत होते. त्याच टनांना कार्बनचा मुलामा देऊन ते दुसऱ्या बाजारात विकणे ही माझ्या मते दिशाभूल आहे. सळईचे मात्र वेगळे. ती भंगारात जाऊन विजेच्या भट्टीत पुन्हा वितळते आणि त्यात खरी बचत होते. पण ते काम भंगारवाले पुस्तिका न छापता कितीतरी वर्षे करीत आले आहेत.

जुन्या वाड्यांचे पाडकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवेल, तुळया, खांब, दारे, कौले उतरवून विकली जात. सागवान दुसऱ्या घरात जाई. विटासुद्धा परत वापरता येत, कारण त्या चुन्यात बसवलेल्या असत आणि चुना विटेपेक्षा मऊ असतो. तासणीने खरवडला की वीट मोकळी होते. सिमेंटचा मसाला बहुधा विटेहून कठीण, त्यामुळे सांधा सुटण्याआधी वीटच फुटते. पाडकाम 'हरित' होणार की नाही, हे असे बांधतानाच ठरून गेलेले असते.

एक मुद्दा विकसकाच्या बाजूचा आहे, तोही सांगायला हवा. काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषते, आणि भरडल्यावर पृष्ठफळ वाढल्याने अधिक वेगाने शोषते. 'नेचर जिओसायन्स'मध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, १९३० ते २०१३ या काळात चुनखडी भाजताना सुटलेल्या वायूपैकी ४३ टक्के अशा रीतीने परत शोषला गेला. इंधनाचा धूर यात धरलेला नाही.

हीच प्रक्रिया आमच्या इमारतीचे आयुष्यही सांगू शकते. बाईंच्या आग्रहावरून आम्ही जिन्याखालच्या एका तुळईचा कोपरा फोडला आणि ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारले. आतला भाग गडद गुलाबी झाला. बाहेरचा १८ मिलिमीटरचा पट्टा तसाच राहिला. तेवढ्या भागातील अल्कधर्मीपणा संपला आहे. सळई २५ मिलिमीटर आत आहे. ही खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १८ मिलिमीटरला चाळीस वर्षे, तर २५ ला किती? सुमारे सत्त्याहत्तर. म्हणजे तेथल्या सळईला अजून पस्तीसएक वर्षे या कारणाने तरी धोका नाही. एका तुळईवरून इमारत ओळखता येत नाही हे खरे. न्हाणीघरांखालच्या स्लॅब गळतीने गंजल्या आहेत, आणि त्यांची दुरुस्ती खर्चिक आहे.

कार्बनच्या दृष्टीने इमारतीचे मोल काढायचे तर बांधतानाचा कार्बन भागिले वापराची वर्षे असा भागाकार करावा. नोएडाच्या मनोऱ्यांत कोणी राहिलेच नाही, तेथे भाजक शून्य. आमच्या इमारतीचा भाजक चाळीस आहे, तो सत्तर होऊ शकतो. तिच्यातील कार्बन आकाशात गेला तो गेलाच, तो वाचवता येणार नाही. वाचेल तो तिच्या जागी येणाऱ्या नव्या इमारतीचा, ती जितकी पुढे ढकलली जाईल तितका.

अर्थात, नव्या इमारतीत चोवीसऐवजी सत्तर कुटुंबे राहतील. ती शहराबाहेर माळावर जाण्यापेक्षा येथे शाळा-बसथांब्याजवळ राहिली तर बरेच, हा युक्तिवाद मला वजनदार वाटतो. पण मग विकसकाने तो मांडावा, कुटुंबामागे किती सिमेंट, किती पोलाद हे सांगावे, आणि वाहनतळाचे दोन मजले त्यात धरावेत. पुस्तिकेत यातले काहीच नाही.

बाईंनी आता हेच तीन प्रश्न लेखी स्वरूपात दिले आहेत. उत्तर अद्याप आलेले नाही. दरम्यान त्यांच्या जुन्या शाळेतील नववीचा वर्ग तुळईचा तो फोडलेला कोपरा पाहायला येऊन गेला. एका मुलीने विचारले की शाळेच्या इमारतीला किती वर्षे झाली. पुढच्या आठवड्यात आम्ही तेथे फिनॉल्फ्थॅलीनची बाटली घेऊन जाणार आहोत.