पहारा कोणाला जमतो?

टीममधल्या प्रत्येकाची ‘नैसर्गिक ताकद’ ओळखा आणि मग कामं वाटा, असं सांगणारी एखादी प्रश्नावली तुम्हीही भरली असेल. निकाल वाचून ‘अरे, अगदी मीच!’ असं वाटलंही असेल. पण तसं वाटणं हा पुरावा धरता येत नाही. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘हे तुझं व्यक्तिचित्र’ म्हणून एकच मजकूर दिला. त्याच्या अचूकतेला मुलांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले! हा निबंध १९४९ चा. प्रश्नावल्यांचा धंदा अजून जोरात आहे.

आपल्या भागात या विचाराला किर्लोस्करवाडीचा दाखला देता येतो, आणि वरवर तो पक्का वाटतो. १९१० साली औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना मांडला. वसाहतीचा कारभार थोरले बंधू रामूअण्णांकडे, यंत्रांचं काम शंभूराव जांभेकरांकडे, कारकुनी मंगेशराव रेग्यांकडे. आणि पहारा? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या एकेकाळच्या दरोडेखोरांकडे. माणूस बरोबर पारखला की झालं, असा याचा अर्थ काढला जातो.

पण खुद्द लक्ष्मणरावांचंच बघा ना. चित्रकला शिकायला ते जे. जे. मध्ये गेले आणि तिथे रंगांधळेपणा आडवा आला. मग यांत्रिक रेखाटन, मुंबईत शिकवणं, बेळगावचं सायकलचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर. यातली ‘नैसर्गिक’ ताकद नेमकी कुठली? तरुणपणी त्यांनी प्रश्नावली भरली असती तर उत्तर बहुतेक ‘चित्रकार’ असंच आलं असतं. काम बदलत गेलं तशी क्षमता दिसत गेली, आणि माझ्या मते बरीचशी घडतही गेली.

पहाऱ्याची गोष्ट मला जास्त खटकते. त्या दोघांवर टाकलेला विश्वास मोठाच, त्यात वाद नाही. पण रामोशाने राखण करायची ही गावगाड्यातली जुनीच वाटणी. तिलाच ‘अंगभूत गुण’ म्हटलं की पारख कुठे संपते आणि जात कुठे सुरू होते, ते कळेनासं होतं. तुकारामला लेथवर उभं केलं असतं तर? गोष्ट हे विचारतच नाही. ती जमलेल्या कामावरून मागे जात गुण शोधते. जे काम कधी दिलंच नाही, त्याची नोंद कुठून येणार?

याच किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेल्या भाऊराव पाटलांनी वेगळी वाट धरली. १९१९ ला काले गावी रयत शिक्षण संस्था, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची, कष्टाची कामं स्वतः करायची. कोणाला काय ‘मुळातच’ जमतं, हे जन्मावरून ठरवून ठेवलेलं नव्हतं.

आता तुमच्या ऑफिसात या. मीटिंगचं इतिवृत्त दर वेळी कोण लिहितं? पाहुण्यांच्या चहाचं कोण बघतं? ते काम त्यांच्याकडे पहिल्यांदा कसं आलं, हे त्यांनाच विचारा. चाचणी त्यानंतर घ्या, हवी असेल तर.