'समथिंग लाईक अ वॉर' : शिबिराची भाषा आणि बायकांची भाषा

आमच्या गावात नसबंदीला नेलेल्या बाईला 'केस' म्हणत. १९९४ साली माझी आईही एक केस झाली. एका गुरुजींना वर्षाचा आकडा पुरा करायचा होता. त्यांनी आमच्या वस्तीतल्या बायका जीपमध्ये बसवल्या. वरच्या आळीत ते याच कामासाठी फिरल्याचे कुणाला आठवत नाही.

दीपा धनराज यांचा 'समथिंग लाईक अ वॉर' (१९९१) हा कुटुंबनियोजन कार्यक्रमावरील माहितीपट वर्गात दाखवला, तेव्हा हा शब्द पुन्हा कानात वाजला. या चित्रपटात दोन भाषा समोरासमोर उभ्या आहेत. शिबिरातला डॉक्टर संख्या आणि वेग यांविषयी अभिमानाने बोलतो. त्याच्या बोलण्यात बाई ही कर्ता नाही, कर्म आहे. तिच्यावर काहीतरी 'केले' जाते. दुसरीकडे बायका गोल करून बसतात, स्त्रीदेहाची आकृती काढतात आणि पाळी, मूल, शरीरसुख यांविषयी बोलतात, हसतात. पांढरपेशा समीक्षेला हे बोलणे कदाचित उघडेवाघडे वाटेल. मला मात्र चित्रपटाचा खरा गाभा तोच वाटला, कारण इथे बाई स्वतःच्या देहाविषयी 'मी' म्हणून बोलते.

पुरुषसत्ता शब्द कसे बदलते तेही पाहावे. १९७६-७७ मध्ये सुमारे ८३ लाख नसबंद्या झाल्या. त्यांतल्या ६० लाखांहून अधिक पुरुषांच्या होत्या. पुरुष संतापले, सरकार पडले. १९७७ मध्येच 'नियोजना'चे 'कल्याण' झाले आणि शस्त्रक्रियेचा भार बायकांवर सरकला. बाईचा संताप मोजायला कोणती मतपेटी होती? २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या. डझनाहून अधिक बायका दगावल्या. शिबिरे बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला.

चित्रपट पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, शिबिरात या बायकांना कुणी काही विचारतं का?" सुट्टीत घरी गेल्यावर मी आईला तेच विचारले. ती म्हणाली, "तुझ्या बापाला इचारलं व्हतं की."

माझी तक्रार एकच. 'गरीब स्त्री' हा शब्द या चित्रपटाला पुरेसा वाटतो. जीप कोणत्या आळीत थांबते आणि कोणत्या आळीवरून तशीच पुढे जाते, हे त्या शब्दातून कळत नाही. बायकांच्या त्या गोलात जातीविषयीही असेच मोकळेपणी बोलणे झाले असते, तर ते मला ऐकायचे होते.