ऐकणारा रेडिओ

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरून 90.8 मेगाहर्ट्‌झवर 'रेडिओ विश्वास' हे सामुदायिक केंद्र चालते. 2022 साली या केंद्राला दोन राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कार मिळाले. स्वबळावर टिकाव धरल्याबद्दल पहिला क्रमांक, आणि 'एज्युकेशन फॉर ऑल', म्हणजे 'सर्वांसाठी शिक्षण', या कार्यक्रमासाठी दुसरा. बातमी आपण वाचली, अभिमान बाळगला आणि विसरलो. पुस्तकांची परीक्षणे आपल्या पानांत नेहमी येतात. जे केवळ कानांनी वाचावयाचे असते, त्याचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. म्हणून हा प्रयत्न.

जून 2020 मध्ये शाळांची दारे बंद होती. शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर गेले आणि ज्या घरात तसा मोबाइल नव्हता, त्या घरातील मूल वर्गाबाहेर राहिले. अशा वेळी या केंद्राने तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी पाठ प्रसारित केले. सुमारे 150 शिक्षकांनी ध्वनिमुद्रण केले. मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत असे विषयवार तास ठरले. जिल्हा परिषद व महापालिका शाळांतील पन्नास ते साठ हजार मुलांना त्याचा लाभ झाला, अशी नोंद शासनाने केली आहे. इगतपुरी तालुक्यात तर शिक्षकांनी 451 एफएम संच मुलांना वाटले. सामुदायिक केंद्राचा प्रक्षेपक लहान असतो, त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरांपलीकडे फारसा पोचत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या धडपडीचे मोल कळते.

कार्यक्रमाचे पहिले यश माध्यमाच्या निवडीत आहे. सर्वांत स्वस्त वस्तू कोणती, याचा विचार आधी झाला आणि अभ्यासक्रमाचा नंतर. दुसरे यश शिक्षकांचे. स्टुडिओत फळा नसतो. त्रिकोण काढायचा तो शब्दांनी. ज्यांनी आयुष्यभर खडूच्या आधाराने शिकविले, त्यांना केवळ आवाजावर उभे राहावे लागले. सेमिनरीत आमची सरावाची प्रवचने टेपरेकॉर्डरवर मुद्रित करून आम्हांसच ऐकवीत असत. त्या अर्ध्या तासात जी नम्रता अंगी येई, ती ध्यानसाधनेच्या दहा दिवसांतही येत नसे! त्या दीडशे शिक्षकांनी तो अनुभव घेतला, ही लहान गोष्ट नव्हे.

पण प्रसारित पाठाचा स्वभावच एकमार्गी असतो. मुलाला शंका आली तर तो ती कोणास विचारणार? या प्रश्नाशी झुंजलेले एक जुने उदाहरण आपल्याच धर्मसभेच्या इतिहासात आहे. कोलंबिया देशातील सुतातेन्सा या डोंगरी खेड्यात 1947 साली फादर साल्सेदो या तरुण धर्मगुरूंनी एक छोटे प्रक्षेपण केंद्र उभारले. शेतकऱ्यांना अक्षरओळख, आरोग्य, शेती शिकविणे हा हेतू. घराघरांत 'रेडिओशाळा' बसत. शेजारचाच एखादा थोडेफार शिकलेला माणूस पुढे बसून, रेडिओने सांगितलेले अक्षर फळ्यावर काढून दाखवी. शेतकरी केंद्राला पत्रे लिहीत, हजारोंनी लिहीत. त्या उपक्रमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाटलेल्या संचांवर तेच एक केंद्र लागत असे, दुसरे नाही. ऐकविण्याच्या उत्साहात श्रोत्याचा निवडीचा हक्क गेला.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने मराठी मुलखातील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापिली. दहा आठवडे, आठवड्यातून दोन कार्यक्रम. कार्यक्रम संपला की मंडळ चर्चा करी, आपले प्रश्न केंद्राकडे धाडी आणि पुढे त्यांना रेडिओवरून उत्तरे मिळत. म्हणजे रेडिओला केवळ कंठ नव्हता, कानही होते. माझ्या मते सामुदायिक केंद्राची कसोटी हीच आहे. एरवी ते आकाशवाणीची लहान प्रत ठरेल, किंवा जाहिराती कमी असलेले खासगी एफएम.

या कसोटीवर सर्वांत अवघड विषय स्थानिक राजकारणाचा. फेब्रुवारी 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. त्या निर्णयाच्या वाटेने 2006 साली स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालविण्याची मुभा मिळाली. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिकांच्या सहभागातून घडावेत, असेही धोरणात आले. मात्र त्याच धोरणाने स्वतःच्या बातम्या व राजकीय कार्यक्रम यांना मनाई केली. पुढे आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्याची सवलत मिळाली, एवढेच. परिणाम असा की, उद्या कोणत्या प्रभागात पाणी येणार नाही, ही प्रशासनाने दिलेली माहिती केंद्र सांगू शकते. ते का येणार नाही, यावर गल्लीतल्या बाईला आणि अधिकाऱ्याला समोरासमोर बसविताना मात्र त्याला परवान्याकडे पाहावे लागते.

नाशिकपुरते हे मौन महागात पडले आहे. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढील निवडणूक थेट जानेवारी 2026 मध्ये झाली. पावणेचार वर्षांहून अधिक काळ शहराला नगरसेवक नव्हते. गाऱ्हाणे न्यायचे कोठे, हा प्रश्न सामान्य माणसाला रोज पडत होता. 2025 च्या अखेरीस सिंहस्थासाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून शहर ढवळून निघाले; ती चर्चा वृत्तपत्रांत झाली, रस्त्यावर झाली. अशा वेळी शेजाऱ्याशी शेजाऱ्याला बोलू देणारे साधन हाती असून ते विधिनियमांनी बांधलेले असावे, हे मला खटकते. पक्षीय प्रचाराची भीती खरी आहे, मी ती नाकारीत नाही. पण भीतीवर तोंड बांधणे हा उपाय नव्हे. 'कम्युनिओ एत प्रोग्रेसिओ' या 1971 च्या व्हॅटिकन दस्तऐवजाने तर धर्मसभेच्या अंतर्गतही मोकळ्या लोकमताची गरज मान्य केली आहे. (आपल्या धर्मग्राम परिषदांत ती कितपत मानली जाते, हा विषय वेगळा!)

संगीत व संस्कृती यांना अशी कोणतीही बंदी नाही. येथे दोष द्यावयाचा तर तो आपल्याकडेच येतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले. त्याच्या दहा हजारांहून अधिक ओव्या डोळ्यांपेक्षा कानांसाठी रचलेल्या होत्या. नगर-नाशिकच्या खेड्यांतून ख्रिस्ती कीर्तन आणि भजन पिढ्यानुपिढ्या चालत आले. धार्मिक कार्यक्रमांबाबत धोरणाची अपेक्षा एवढीच की, कोणाच्या श्रद्धेचा गैरफायदा घेऊ नये व कोणाच्या भावना दुखवू नयेत. तरीही आपले हे धन देवळाच्या भिंतींबाहेर जात नाही, आणि गेलेच तर नाताळच्या आठवड्यात, तेही बहुधा इंग्रजी कॅरोल म्हणून.

माझी स्वतःची चूक नोंदवितो. काही वर्षांपूर्वी एका केंद्राने आमच्या धर्मग्रामाला नाताळनिमित्त अर्धा तास दिला होता. मी वीस मिनिटांचे प्रवचन लिहिले, गायकवृंदाची दोन गीते बसविली. नगर जिल्ह्यातून फार पूर्वी येथे आलेल्या एक आजी, ज्यांना वडिलांची कितीतरी कीर्तनपदे मुखोद्गत होती, त्या हौसेने आमच्याबरोबर आल्या आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. चार मिनिटे उरली, तेव्हा तेथील मुलीनेच त्यांना आत बोलाविले. आजींनी पेटीशिवाय एक पद म्हटले, मधे थांबून त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगितला आणि विचारले, "फादर, पुढचं म्हणू का?" वेळ संपली होती.

पुढील आठवड्यात ते पद पुन्हा ऐकण्यासाठी केंद्रावर कित्येकांचे फोन आले, त्यांत ख्रिस्ती नसलेलेही होते. प्रवचनाविषयी कोणी काही विचारले नाही. आजींना पुन्हा नेऊ, असे मी ठरविले. मग उपवासकाळ आला, मग पाल्यांच्या पहिल्या ख्रिस्तशरीराची तयारी, मग पावसाळा. त्या चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण आमच्याजवळ नाही. बाकीची पदे त्यांनी कोठे लिहून ठेवली होती का, हे त्यांच्या अंत्यविधीनंतर मी घरच्यांना विचारले. वही अशी नव्हतीच, असे सून म्हणाली. आत्या स्वयंपाक करताना म्हणायच्या.