स्वरांचे वर्ण आणि सोयराबाईंचा रंग

डोळ्यांना दिसणारा रंग कानांना ऐकवता येतो का? हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. 'राग' हा शब्दच रंगवणे या अर्थाच्या 'रंज्' धातूपासून झाला. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. म्हणजे दोन्ही ग्रंथ एकाच राजवटीतले. रत्नाकरात स्वरांचे रंग सांगितले आहेत: षड्ज कमळासारखा, ऋषभ पिंगट, गांधार सोनेरी, मध्यम कुंदफुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद अनेकरंगी. विलायतेत न्यूटननेही १७०४ च्या आपल्या ग्रंथात सात रंग सप्तकाशी जुळवले.

वारकऱ्याचे मन यातल्या पंचमापाशी थांबते. षड्ज-पंचम हे अचल स्वर; त्यांना कोमल-तीव्र असा विकार नाही. सावळा आणि जागचा न हलणारा म्हटल्यावर विटेवरचे रूप कोणाला आठवणार नाही? अर्थात हा आपला भाव. शास्त्रकारांचे ते म्हणणे नव्हे.

त्याच यादीत पुढे मात्र ठेच लागते. 'वर्ण' शब्दाचा दुसरा अर्थही तिथे स्वरांना लावला आहे. षड्ज, मध्यम, पंचम ब्राह्मण. ऋषभ, धैवत क्षत्रिय. गांधार, निषाद वैश्य. आणि अंतर गांधार व काकली निषाद शूद्र! रंग वाटता वाटता जातही वाटून झाली. कानाला ही वाटणी कधी ऐकू येते का?

याचे उत्तर मला सोयराबाईंच्या अभंगात सापडते. त्या चोखोबांच्या पत्नी. ज्या चोखोबांना हयातीत राउळात पाऊल टाकता आले नाही, त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. त्या घरातली बाई 'अवघा रंग एक झाला' म्हणते, तेव्हा तो नुसता उत्सवातला गुलाल नसतो. वर्णांची सगळी यादीच ती पुसून टाकते.

किशोरीताई आमोणकरांनी हा अभंग भैरवीत गायला. ही निवड मला फार मार्मिक वाटते. भैरवीत ऋषभ, गांधार, धैवत, निषाद कोमल असतात. पण भजन-ठुमरीतली भैरवी बाराही स्वरांना घरात घेते. अंतर-काकली म्हणजे आजच्या शुद्ध गांधार-निषादांच्या जवळचे स्वर. तेही तिथे पाहुण्यासारखे येतात आणि घरचे होऊन जातात. बारा स्वर आले तरी भैरवी मोडत नाही, उलट गहिरी होते. अवघ्यांचा एक रंग म्हणजे काय, हे इथे समजावून सांगावे लागत नाही.

हल्ली मंडपात 'रंग' शब्द आला की तानांचा पाऊस पडतो आणि वर लाल-निळे दिवे फिरतात. दिवा रंग दाखवतो. अभंगाला तो चढवायचा असतो. ज्येष्ठ वद्य नवमीला माउलींची पालखी आमच्या विश्रांतवाडीवरून पुण्यात जाते. कोणाचा आवाज चढा, कोणाचा घोगरा, कोणी अर्धा स्वर खाली. टाळ मात्र एकदम पडतो. नवोदित गायकांनी तिथे तासभर उभे राहावे. स्वराला रंग कसा चढतो, ते तिथे कळते.

रामकृष्ण हरी.