काळ्या कातळातले रंग

कार्ल्याच्या लेण्यात भिंतीला हात टेकवला की हाताला लागतो तो काळपट, गार बेसॉल्ट. आता याच जातीच्या दगडाचा सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो बघा: निळे, गुलाबी, पिवळे तुकडे आणि त्यांच्यामधून आडव्यातिडव्या गेलेल्या करड्या-पांढऱ्या काड्या. पहिला संशय येतो तो फिल्टरचा.

फिल्टर आहेच, पण फोनमधला नाही. दगडाची चकती काचेवर चिकटवून ती ०.०३ मिलिमीटर जाडीची होईपर्यंत घासतात. इतक्या पातळ बेसॉल्टमधून उजेड आरपार जातो. मग हा काप दोन पोलरायझरच्या मध्ये ठेवायचा. स्फटिकात शिरल्यावर प्रकाशाचे दोन भाग होतात, एक जरा मागे पडतो. पुढे दोघं एकत्र आले की काही रंग विझतात, काही उजळतात. ते रंगीत तुकडे बहुतेक ऑजाइटचे, काड्या प्लॅजिओक्लेजच्या. काड्या पिवळसर दिसल्या तर काप जाड राहिलाय, अजून घासा. म्हणजे या रंगांत दगडाइतकाच घासणाऱ्याचा हात आहे, पण त्या हाताला नियम आहे. (१८५० च्या सुमारास हेन्री सॉर्बी असे काप करू लागला, तेव्हा डोंगर कुणी सूक्ष्मदर्शकातून बघतं का, म्हणून त्याची थट्टा झाली होती.)

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या गाजणाऱ्या फोटोंचं तसं नाही. तिथे प्रकाशच वापरत नाहीत, त्यामुळे चित्र मुळात कृष्णधवल. जांभळा, पोपटी वगैरे नंतर संगणकावर भरलेला. त्याला माझी हरकत नाही, फक्त तो रंग हाच का, या प्रश्नाला बहुतेक वेळा ‘छान दिसतो म्हणून’ एवढंच उत्तर असतं.

हरकत आहे ती दोन्ही प्रकारचे फोटो ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट आर्ट’ म्हणून फिरतात तेव्हा. दगड कुठला, फोटोत दिसतंय ते किती मिलिमीटरचं, काहीच लिहिलेलं नसतं. मग तो वॉलपेपर होतो. बारीक काड्यांच्या गर्दीत एखादी जाडजूड काडी दिसली, तर ती सहसा जमिनीखाली सावकाश वाढलेली असते. बारीक काड्या लाव्हा वर येऊन भराभर थिजतानाच्या. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीची ही घाई त्या चौकटीत दिसते. दख्खनच्या लाव्हाथरांतल्या एका मोठ्या गटाचं नावच ‘लोणावळा उपगट’ आहे आणि त्यातल्या एका स्तरसमूहाचं ‘खंडाळा’. पावसाळ्यात धबधब्याखाली आपला पाय घसरतो तो या असल्या दगडावरून. फोटोखाली गावाचं नाव टाकायला कितीशी जागा लागते?

आणि नाव टाकलं तरी स्थिर फोटो अर्धाच. सूक्ष्मदर्शकाची चकती फिरवली की बहुतेक स्फटिक एका फेरीत चारदा काळे होतात आणि पुन्हा पेटतात, प्रत्येक आपापल्या कोनाला. हे बघायचं तर डोळा लावायच्या भिंगावर फोन धरून काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ गुळगुळीत प्रिंटपेक्षा कितीतरी चांगला, हलला तरी. त्यात रंगांकडे बघून झालं की काड्यांमधल्या काळ्या ठिपक्यांकडेही बघा. काही लोहखनिजाचे असतात, ते उजेड जाऊच देत नाहीत. काही काचेचे. तेही पूर्ण फेरीभर काळेच राहतात, कारण तेवढ्या लाव्हाला स्फटिक व्हायला वेळच मिळाला नाही.