हरलेल्याची मोजणी

निवडणुकीने मराठी लेखकाला आजवर पुष्कळ काही दिले आहे. ग्रामीण कथेला तिने भानगडी दिल्या, वगाला सोंगे दिली आणि कादंबरीला मुख्यमंत्री दिले. सभेतला कर्णा, रात्री वाटली जाणारी पाकिटे, ऐनवेळी फुटलेले सभासद, गुलालात न्हालेली मिरवणूक, एवढी सामग्री कोणत्याही होतकरू लेखकाच्या हाताशी तयारच असते. परंतु या साऱ्या धामधुमीच्या शेवटी एक खोली असते. तिथे टेबले मांडलेली असतात, मध्ये जाळी असते. जाळीच्या एका अंगाला उमेदवारांचे प्रतिनिधी माना उंचावून बसलेले असतात आणि दुसऱ्या अंगाला शिक्षक, तलाठी, कारकून आकडे वाचत असतात. या खोलीच्या उंबऱ्यापाशी आपले वाङ्मय बहुधा थबकते. निकाल बाहेर येतो तेव्हा ते पुन्हा मिरवणुकीत सामील होते.

हा दोष किरकोळ नाही, असे मला वाटते. कारण जिंकलेला माणूस आकड्यांचा तपास करीत नाही. तपास हरलेल्यालाच हवा असतो. १९६१ साली केलेल्या निवडणूक नियमांतला ६३ वा नियम त्याच्याचसाठी लिहिला आहे. एकूण मतांचे आकडे जाहीर झाले की निकाल घोषित होण्यापूर्वी उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने लेखी अर्ज करावा, सर्व मते पुन्हा मोजावीत की काही, ते सांगावे आणि का मोजावीत त्याची कारणे द्यावीत. अधिकाऱ्याने तो अर्ज मान्य करावा वा फेटाळावा, मात्र आपली कारणे त्यानेही लेखीच नोंदवावीत. हरलेल्या माणसाला समजूत पटवून घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. त्या हक्काची कथा लेखकांनी अद्याप लिहिलेली नाही.

आपल्या राजकीय वाङ्मयाच्या दोन ठळक वाटा दिसतात. पहिली विनोदाची. शंकर पाटलांच्या आणि द. मा. मिरासदारांच्या कथांनी गावचे राजकारण म्हणजे बेरकी माणसांचा खेळ, ही दृष्टी वाचकाला दिली. तिच्यात सत्य आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. मोकळ्या चिन्हांच्या यादीतून कुणाला कपबशी मिळते, कुणाला पतंग, कुणाला कपाट. मग पंधरा दिवस गावात माणसाचे नाव मागे पडते आणि कपबशी पतंगावर डोळे वटारते. भिंती विद्रूप करू नयेत म्हणून महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे, आणि विधानसभेच्या उमेदवाराच्या पत्रकावर छापणाऱ्याचे व प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव असलेच पाहिजे, असाही नियम आहे. तरीही एका रात्रीत नाक्यावर बिननावाचे पत्रक कसे उगवते, हे विनोदी लेखकाला न्यायाधीशापेक्षा अधिक ठाऊक असते. पण या हसण्याला एक धोका आहे. सगळेच लबाड असे एकदा ठरले की मोजणी खरी की खोटी, हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी वाट सत्तेच्या पटाची. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांनी ती प्रशस्त केली, आणि त्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली काढलेल्या ‘सिंहासन’ चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांची होती. इथेही मोजणी आहे, अखंड चालू आहे. पण ती आमदारांच्या डोक्यांची. कुणाच्या बाजूला किती आले आणि किती फुटले, याचा हिशेब बंद दारांआड होतो. ज्या मतदारांनी ही डोकी पाठवली त्यांचा पत्ता त्या हिशेबात नसतो. पत्रकार दिगू टिपणीस हे सारे पाहतो आणि शेवटी त्याचे भान सुटते. साधूंची ही नोंद निर्भीड आहे, कलाकृती म्हणून मोठी आहे. परंतु पाहणाऱ्याने वेडे व्हावे, याखेरीज तिच्यापाशी उपाय नाही.

म्हणूनच मला तेंडुलकर-पटेलांचा आधीचा ‘सामना’ अधिक मोलाचा वाटतो. १९७४ च्या या चित्रपटात निवडणूक जवळजवळ नाही. साखर कारखान्याचा धनी हिंदुराव आहे. त्याच्या राज्यात सगळे सुरळीत आहे, हिशेब चोख जुळलेला आहे. तिथे एक दारुडा, मोडलेला मास्तर येतो आणि विचारीत राहतो की मारुती कांबळे कुठे गेला. बस्स, एवढेच. एक माणूस बेरजेत कमी पडतो आहे, तेव्हा बेरीज पुन्हा करा, ही त्याची मागणी. मराठीतली सर्वांत प्रखर फेरमोजणी ती हीच! मास्तरापाशी सत्ता नाही, पुरावा नाही. एक आकडा जुळत नाही, एवढेच त्याला ठाऊक आहे. मी स्वतः शाळामास्तर असल्यामुळे त्याची बाजू घेतो, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडा. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर मतदानयंत्र घेऊन जाणाऱ्या आणि संध्याकाळी झालेल्या मतांचा हिशेब लिहून प्रतिनिधींच्या हाती त्याची प्रत देणाऱ्या प्रत्येक मास्तराला एका आकड्याची किंमत कळते.

प्रत्यक्षात तर कथानके दाराशी उभी आहेत. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर या दोघांनाही ५,९४६ मते पडली. पुन्हा मोजूनही फरक निघेना, तेव्हा चिठ्ठी काढली आणि शहा विजयी ठरले. हजारो माणसे रांगेत उभी राहिली आणि निकाल एका कागदाच्या घडीने दिला. २०२४ साली वायव्य मुंबईत रवींद्र वायकरांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकरांना ४,५२,५९६ मते मिळाली. फेरमोजणीनंतरचे अंतर अवघे ४८. वाद उच्च न्यायालयात गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कीर्तिकरांची याचिका फेटाळली गेली. त्याच डिसेंबरात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने स्वतःच कागदी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान करून पाहायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि गावकऱ्यांना बेत सोडावा लागला. गंमत अशी, की त्या मतदारसंघात गावकऱ्यांचा उमेदवार निवडून आलेला होता! त्यांचे भांडण खुर्चीसाठी नव्हते. आपल्या गावच्या आकड्यासाठी होते. गावकऱ्यांचा संशय बरोबर होता की चूक, हा प्रश्न निराळा. आपला आकडा आपल्याला ओळखू येत नाही, असे एका अख्ख्या गावाला वाटणे, हा कादंबरीचा विषय आहे.

अमित मसुरकरांच्या ‘न्यूटन’ या २०१७ च्या हिंदी चित्रपटाने छत्तीसगडच्या जंगलातल्या मतदान केंद्रावर एक हट्टी कारकून बसवला आणि नियमाच्या पुस्तकातून नाट्य काढून दाखवले. नियम रुक्ष असतात, त्यांत रस नसतो, हा आक्षेप तेव्हाच निकालात निघाला. मराठीने आता मतपेटीपासून मोजणीच्या टेबलापर्यंतची वाट चालावी.

महाडच्या माणसाला हे पटवायला फार सांगावे लागत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला, आणि पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. हा झाला कागदावरचा निकाल. ते पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तळ्यावर चालत जावे लागले. त्यानंतर नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा कौल मिळायला १९३७ साल उजाडले. ‘सर्व’ या शब्दात कोणाकोणाला धरले आहे, हे तळ्याच्या काठी पुन्हा मोजून पाहिले गेले. सत्याग्रहाचा एक अर्थ हाही आहे.

तेव्हा आगामी कादंबरीकाराला माझे सांगणे थोडके आहे. गुलाल पुष्कळ उधळून झाला. आता त्या खोलीत जा. अर्ज लिहिताना ज्याचा हात कापतो त्या उमेदवाराशेजारी बसा, अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या कपाळावरचा घाम पाहा, आणि दुसऱ्यांदा तोच आकडा आला तर हरलेला माणूस घरी जाऊन बायकोला काय सांगतो, ते ऐका. तो जर म्हणाला, ‘हरलो, पण मोजणी बरोबर होती,’ तर ते वाक्य कोणत्या कष्टाने त्याच्या तोंडी आले, हे आम्हा वाचकांना सांगा. आणि ते त्याच्या तोंडी आले नाही, तर का आले नाही, हेही सांगा.